म्हाताऱ्या माणसांच्या पोटात दिवसभर पाणी कसं जाईल

मे महिन्यात छपरीतल्या बाजेवर पडलेल्या आबाजींना विचारा, "पाणी देऊ का जी?" उत्तर ठरलेलं असतं: "नाही, तहान नाही लागून राहिली." ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तहान लागलेली नसते, आणि घोळ तिथेच आहे. वय वाढलं की अंगात पाणी कमी पडल्याची जाणीव बोथट होत जाते. किडनीची लघवी घट्ट करून पाणी राखून ठेवायची ताकदही उतरते. शिवाय साठाच मुळात कमी असतो. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं, तर म्हातारपणी स्नायू झडले की ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून जो घाम जवान पोराला जाणवतही नाही, तेवढाच घाम सत्तरीच्या माणसाला घेरी आणतो.

थोडक्यात, तहान लागली की पितील या भरवशावर राहायचं नाही. आणि दिवसभर "पाणी प्या, पाणी प्या" असं मागे लागूनही काही होत नाही. माणूस चिडतो, अन् सून-सासऱ्यांत उगाच कुरबुर होते. व्यवस्था लावावी लागते, आणि तिची सुरुवात माठापासून नाही, लघवीच्या सोयीपासून करावी लागते.

आधी लघवीची सोय

कितीतरी आजी संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करतात आणि घरात कोणाला सांगत नाहीत. संडास सांदवाडीच्या टोकाला, वाटेत गोठ्याची नाली, लाइन गेली की काळोख, पावसाळ्यात विंचू-सापाची धास्ती, त्यात गुडघे. रात्री तीनदा उठायचं म्हणजे तीनदा सुनेला हाक मारायची. त्यापेक्षा घोटभर कमी प्यायलेलं बरं, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण रात्री न्हाणीच्या वाटेवर पडून खुबा मोडणं ही खरी भीती आहे. ती भीती काढल्याशिवाय कितीही सरबतं केली तरी उपयोग नाही.

एकदा स्वतः बाजेवरून उठून त्यांच्या वाटेनं संडासापर्यंत चालून बघा, रात्री, चपला न घालता. कुठे दगड लागतो, कुठे उंबरठा आडवा येतो, कुठे हात टेकायला काही नाही, ते दहा मिनिटांत कळतं. वाटेवरचे दगड-गोटे उचला, नालीवर फरशी टाका, आणि बाजेपासून दारापर्यंत कमरेच्या उंचीवर बांबू आडवा बांधा. नायलॉनची दोरी हातात झोल खाते, बांबू खात नाही. दिवसा चार्ज होणारा छोटा सोलर दिवा वाटेवर लावा आणि उशीजवळ बॅटरी ठेवा. उकिडवं बसवत नसेल तर भोक असलेली कमोडची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. रात्रीपुरतं पुरुषांसाठी प्लास्टिकचं लघवीचं भांडं बाजेखाली ठेवलं की काम होतं. बायकांसाठी ते जमत नाही, त्यांच्यासाठी कमोडची खुर्चीच बाजेजवळ, आडोसा करून. तिच्या भांड्यात तळाला दोन बोटं पाणी घालून ठेवलं तर वास कमी येतो आणि सकाळी धुणंही सोपं जातं.

रात्रीच्या फेऱ्या कमी करायची आणखी एक युक्ती आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. दिवसभर पाय लोंबते ठेवून बसलेल्या माणसाच्या पायांत पाणी उतरतं. रात्री आडवं पडलं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि लघवी होऊन निघतं. म्हणून दुपारच्या जेवणानंतर तासभर पायांखाली दोन उशा घालून झोपवायचं. जे रात्री निघणार ते संध्याकाळच्या आत निघून जातं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती सकाळीच घ्यायची आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या. संध्याकाळी सातला घेतलेली गोळी रात्रभर झोपू देत नाही.

पुरुषांना लघवी थेंब-थेंब होत असेल, सारखी लागत असेल, तर तो प्रोस्टेटचा त्रास असू शकतो आणि त्यावर गोळ्या आहेत. बायकांना खोकल्या-शिंकल्यावर थेंब सुटत असेल तर त्याही लाजेपोटी पाणी तोडतात. दोन्ही गोष्टी डॉक्टरांपर्यंत न्यायच्या आहेत. घरातल्या घरात त्याच्यावर पाणी तोडायचा इलाज करायचा नाही.

किती पाजायचं

युरोपातली वैद्यकीय पोषणाची संस्था एस्पेन म्हाताऱ्या बाईसाठी दिवसाला १.६ लिटर आणि पुरुषासाठी २ लिटर पेयं सांगते. यात पाणी, चहा, ताक, सरबत सगळं धरलं आहे, आणि भाजी-वरणातलं पाणी वेगळं. ते आकडे थंड मुलुखातले आहेत. आपल्याकडे चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ती फक्त पहिली पायरी. दारापुढच्या उन्हात जरी काम केलं, घाम आला, तर त्यावर दोन ते चार ग्लास धरावे. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांना हे आकडे लागू नाहीत. त्यांचं पुढे येईल.

लिटर म्हटलं की कोणाच्या डोळ्यापुढे काही येत नाही. म्हणून एकदा घरचं भांडं मोजा. एक लिटरची रिकामी बाटली भरा आणि घरच्या स्टीलच्या ग्लासानं किती वेळा रिकामी होते ते पाहा. पाच वेळा झाली तर ग्लास २०० मिलीचा, चार वेळा झाली तर २५० चा. फुलपात्र बहुधा १५० च्या आसपास निघतं, चहाचा कप जेमतेम १००. हे एकदा कळलं की मोजमाप संपलं.

मग वेळा बांधा, आणि त्या घड्याळाला न बांधता रोजच्या कामांना बांधा, म्हणजे कोणी विसरत नाही. उठल्यावर दात घासून एक ग्लास कोमट पाणी, २०० मिली. चहा १००. सकाळच्या जेवणासोबत १५०. अकराच्या सुमारास ताक २००. दुपारच्या जेवणात २००. झोपून उठल्यावर २००. चारचा चहा १००. साडेपाचच्या सुमारास लिंबाचं सरबत किंवा साधं पाणी २००. रात्रीच्या जेवणात १५०, गोळ्यांसोबत १००. हे झालं १६०० मिली. पुरुषासाठी दहा वाजता आणि दोन वाजता एकेक ग्लास वाढवला की २००० होतं. यातलं बहुतेक पाणी सहाच्या आत पोटात गेलेलं असतं, त्यामुळे रात्रीची भीतीही राहत नाही.

पहिल्याच दिवशी एवढं पाजू नका. जे माणूस तीन-चार ग्लासांवर वर्षं काढत आलं आहे त्याला एकदम दुप्पट केलं तर पोट गच्च होतं, लघवीला पळापळ होते आणि दुसऱ्या दिवशी तो ग्लासच नको म्हणतो. दर तीन-चार दिवसांनी एक ग्लास वाढवा. आणि एका वेळी लोटाभर नको. दोनशे मिली दहा मिनिटांत, घोटाघोटानं.

चहा अंगातलं पाणी काढतो असा एक समज आहे. रोज दोन-तीन कप पिणाऱ्याच्या बाबतीत तो खरा नाही, चहा हिशेबात धरायचा. दारू मात्र धरायची नाही. मोहाची असो की दुकानातली, ती लघवी वाढवते आणि दुसऱ्या दिवशी माणूस अधिक कोरडा उठतो.

भांडं हाताशी

माठ स्वयंपाकघरात, बाज छपरीत, मध्ये दोन उंबरठे. ज्याला उठायला काठी लागते तो मधल्या वेळी पाण्यासाठी उठत नाही, ही सरळ गोष्ट आहे. बाजेच्या उजव्या-डाव्या ज्या हातानं ते जेवतात त्या बाजूला बाजेएवढ्या उंचीचा स्टूल ठेवा आणि त्यावर पाणी. पायाशी नको, डोक्यामागे नको.

आता भांडं. पितळी गडवा दिसायला चांगला, पण भरला की जवळपास दीड-दोन किलो होतो, आणि थरथरत्या हाताला तो उचलून ग्लासात ओतणं म्हणजे कसरत. अर्धं अंगावर सांडतं. अंगावर सांडलं की माणूस ओशाळतो, आणि पुढच्या वेळी मागतच नाही. त्यापेक्षा अर्ध्या लिटरची हलकी बाटली किंवा दोन कानांचा मग. ग्लास काठोकाठ भरू नका, पाऊणच भरा. बाटलीचं बूच तुम्ही घट्ट लावाल आणि संधिवाताच्या बोटांना ते फिरणार नाही, म्हणून ते अर्धं सैल करूनच ठेवा. नजर कमी झाली असेल तर पारदर्शक ग्लासातलं पाणी दिसत नाही. लाल किंवा निळा प्लास्टिकचा ग्लास चटकन दिसतो.

सकाळी दोन बाटल्या भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी किती उरलं ते बघायचं. "प्यायलं" म्हणणं वेगळं, रिकामी बाटली वेगळी. ज्यांना विसराळूपणाचा आजार आहे त्यांच्यापुढे नुसता ग्लास ठेवून भागत नाही. हातात द्यावा लागतो, आणि आपणही समोर बसून आपला ग्लास तोंडाला लावला की ते बघून पितात.

माठाबद्दल थोडं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ उत्तम गार होतो कारण बाहेर झिरपलेलं पाणी भराभर सुकतं आणि जाता जाता आतली उष्णता घेऊन जातं. जुलैत भंडारा-गोंदियाकडे हवा ओली झाली की तोच माठ गार होत नाही, त्यात माठाचा दोष नाही. पाणी क्षारयुक्त असेल तर वर्षभरात माठाची छिद्रं बुजतात आणि तो झिरपायचा थांबतो. घासून काही फायदा नाही, दर उन्हाळ्यात नवा घ्यावा. आतून दर दोन-तीन दिवसांनी घासा, नाहीतर तळाला बुळबुळीत थर धरतो. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढा, हात बुडवू नका. फ्रिजचं थंडगार पाणी दात सळसळवतं, घशाला लागतं, म्हणून म्हातारी माणसं दोन घोट घेऊन ग्लास ठेवून देतात. माठाचं पाणी ते पूर्ण संपवतात.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं घोटलेलं मिश्रण. तोंडात खर्रा धरलेला माणूस पाणी पीत नाही, कारण प्यायचं तर आधी थुंकावं लागतं. दिवसाचे सात-आठ खर्रे म्हणजे कित्येक तास तोंड बंद. सोडवता आला तर सोन्याहून पिवळं. पण आज सुटत नसेल तर निदान एवढं करा: प्रत्येक खर्रा थुंकल्यावर चूळ भरायची आणि लगेच अर्धा ग्लास पाणी, मगच पुढचा.

पाणी नको म्हणाले तर काय द्यायचं

ताकासारखं दुसरं काही नाही. वाटीभर दह्याला तीन वाट्या पाणी, जिरंपूड, किंचित मीठ. लोणी काढलेलं असावं. आंबट ताक म्हाताऱ्या पोटाला जळजळतं, म्हणून त्याच दिवशीचं घुसळलेलं.

ज्वारीची आंबील हे तर पाणी आणि जेवण दोन्ही. रात्री तीन मोठे चमचे ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात कालवून झाकून ठेवा. उन्हाळ्यात सहा-सात तासांत आंबतं. त्याहून जास्त ठेवलं तर फार आंबट होतं आणि तेच मग कोणी पीत नाही. सकाळी तीन ग्लास पाण्याला उकळी आणा, त्यात जिरं आणि ठेचलेला लसूण घाला, मग हे कालवण बारीक धारेनं ओतत सतत ढवळा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच समजा. सात-आठ मिनिटं मंद आचेवर शिजवा, मीठ शेवटी. थंड झाल्यावर घट्ट होते, तेव्हा पिताना पुन्हा पाणी घालून सैल करा. चमच्यानं खावी लागली तर ती आंबील नाही, लापशी झाली.

कैरीचं पन्हं करताना लोक गूळ मोकळ्या हातानं घालतात. साखरेचा आजार असलेल्यांसाठी चुलीत भाजलेल्या कैरीचा गर, काळं मीठ, जिरं आणि पाणी, बस्स. गूळ लागलाच तर ग्लासाला एक छोटा चमचा. लिंबाच्या सरबताला दोनशे मिलीमागे अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि एक चमचा साखर पुरते.

जेवणही ओलं करा. कोरडी भाकर अन् कोरडी भाजी यापेक्षा पातळ वरण, कढी, ताकातल्या कण्या, ढेमशाचा रस्सा. टरबूज, काकडी, मोसंबी यांत दहा भागांत जवळपास नऊ भाग पाणीच असतं. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा रोज दोन. दात नसतील तर फोडींची साल आणि बिया काढून द्या, पण रस गाळून साखर घालून देऊ नका.

उपासाचं वेगळं. ज्येष्ठातली निर्जळी एकादशी नेमकी भर उन्हाळ्यात येते, आणि सत्तरीची आजी ती पाण्याविना करते. भांडून काही होत नाही. घरी ज्यांचं ऐकतात त्या महाराजांकडून किंवा कीर्तनकारांकडून एकदा वदवून घ्या की आजारी-म्हाताऱ्यांना पाणी, दूध, ताक चालतं. ते सुनेच्या तोंडून ऐकलं जात नाही, हे अनुभवाचं सत्य आहे.

पाणीच खारं असेल तर

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी घशाखाली उतरत नाही, म्हणून म्हातारी माणसं आणखीच कमी पितात. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत खारटपणापेक्षा फ्लोराइडचा प्रश्न आहे, आणि फ्लोराइड चवीला कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत, फार तर १.५.

पाणी उकळलं म्हणजे ते सर्व बाजूंनी शुद्ध झालं असं समजू नका. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत. उलट वाफ गेल्यानं ते थोडे दाटच होतात. नुसती तुरटी फिरवणं आणि कापडी गाळणं यांचाही त्यावर उपयोग नाही. ते आरओनं निघतं. गावात आरओचं पाणी जारनं मिळत असेल आणि पैसे जपून वापरायचे असतील तर ते फक्त पिण्यासाठी आणि म्हाताऱ्या माणसांच्या चहा-वरणासाठी ठेवा, बाकी स्वयंपाक नळाच्या पाण्यावर. वीस लिटरचा जार उचलून ओतणं त्यांना शक्य नाही, म्हणून तोटी लावून कमरेच्या उंचीच्या घडवंचीवर ठेवा.

नवतपा आणि शेतातलं काम

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पण त्याच्या आधीपासून म्हातारी माणसं उन्हात असतात. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलं वेचायला, मेमध्ये तेंदूपत्त्याला, इतरत्र शेळ्यांमागे नाहीतर भाजीच्या वाडीत राखणीला. घरी राहा म्हणून ऐकत नाहीत आणि त्यांच्या हातचे पैसे घरालाही लागतात, म्हणून नुसत्या मनाईला अर्थ नाही. पहाटे पाचला निघून दहाच्या आत घरी, असं बांधून घ्या. निघण्यापूर्वी दोन ग्लास, आणि सोबत माणशी दोन लिटर, त्यातलं अर्धं ताक किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी. भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळलेली बाटली झाडाच्या फांदीला वाऱ्यात टांगली की पाणी गार राहतं. दर वीस-तीस मिनिटांनी अर्धा ग्लास. तासभर काही न पिता नंतर एकदम अर्धा लिटर प्यायल्यानं मळमळतं.

दिवसभर घाम गाळून नुसतं साधं पाणीच ढोसणंही बरं नाही. घामातून मीठही जातं. ते भरून न काढता चार-पाच लिटर साधं पाणी घातलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि मग डोकं दुखणं, उलटी, भ्रम अशी लक्षणं दिसतात. लघवीची गोळी घेणाऱ्यांना हा धोका लवकर येतो. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने काही बिघडत नाही. पण तो पाण्याची जागा घेत नाही.

एसटीनं लग्नाला, तेरवीला जातानाही आजीबाई सकाळपासून कोरड्या असतात, वाटेत कुठे उतरणार म्हणून. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट माफ झाल्यापासून प्रवास वाढलाच आहे. निघायच्या दोन तास आधी दोन ग्लास पाजा, निघताना लघवी करून घ्या, आणि वाटेत दर अर्ध्या तासाला फक्त दोन-तीन घोट. बसस्टँडवर पोचल्यावर आधी प्रसाधनगृह, मग नातेवाईक.

ज्यांना जास्त पाजायचं नाही

हृदय कमजोर आहे, पायांवर सूज येते, दम लागतो, किडनीचा आजार आहे किंवा डायलिसिस चालू आहे, अशांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असतं. तोच आकडा पाळायचा. दिलेला नसेल तर पुढच्या खेपेला थेट विचारायचं: "दिवसाला किती ग्लास?" अशा माणसाचं रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतं आहे, दवाखान्यात जा. उलट एका-दोन दिवसांत किलोभर उतरलं तर ते मांस नव्हे, जवळपास लिटरभर पाणी गेलं आहे. या मंडळींना नारळपाणीही विचारून. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्यांसोबत ते रक्तात धोक्याइतकं वाढू शकतं.

गोळ्यांची पाकिटं एकदा पसरून बघा. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या. साखरेच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन याही लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात. जुलाब-उलट्या लागल्या तर या आणि बीपीच्या काही गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. आपल्या मनानं बंदही करू नका आणि विचारल्याशिवाय चालूही ठेवू नका. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक मेडिकलवरून आणून रोज घेणं हा गावोगावचा रिवाज आहे. अंग कोरडं असताना ती किडनीवर सरळ घाव घालते.

लकवा होऊन गेलेला माणूस पाणी पिताना खोकत असेल, पिल्यावर आवाज ओला-घोगरा होत असेल, तर पाणी श्वासनळीत जातं आहे. त्याला आडवं पाजायचं नाही. पाठ सरळ टेकवून बसवा, हनुवटी किंचित खाली, चमच्यानं एकेक घोट, गिळल्याची खात्री करून दुसरा. पातळ पाण्यापेक्षा पेज किंवा आंबील जरा घट्टसर चालते का, हे डॉक्टरांना दाखवून ठरवा. पिऊन झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवा.

ओआरएस

जुलाब, उलट्या किंवा खूप घाम झाला की ओआरएस. रोजचं पेय म्हणून नाही, त्यात मीठ असतं. पुडी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात फुकट मिळते. पुडीवर किती पाण्याची ते वाचा. मोठी पुडी एक लिटरची, छोटी २०० मिलीची. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एक लिटरची पुडी एका ग्लासात घालणं. ते इतकं दाट होतं की जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ चढतं. दुसरी चूक, अर्धी पुडी ठेवून द्यायची. तिला ओल लागते, आणि अर्धी नेमकी मोजताही येत नाही. सगळी एकदम कालवा, झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं फेका. वरून साखर घालू नका, कालवल्यावर उकळू नका.

प्रत्येक जुलाबानंतर एक ग्लास. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून मग चमच्या-चमच्यानं. साखरेचा आजार असला तरी जुलाबात ओआरएस द्यायचं, फक्त साखर तपासत राहायची. दुकानातलं डब्यातलं गोड "एनर्जी" पेय म्हणजे ओआरएस नव्हे. ओआरएसच्या ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली ती यासाठीच. पुडी नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीनं वरचा ढीग पाडलेला. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर टाकून द्या.

कमी पडतंय हे कसं ओळखायचं

हाताची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती किती वेळानं बसते ते बघायचं, ही पद्धत लहान मुलांत चालते. म्हाताऱ्यांची कातडी एरवीही सैलच असते, ती फसवते. लघवीच्या रंगावरही पूर्ण भरवसा नको, कारण किडनी थकलेली असेल तर अंग कोरडं असूनही लघवी पांढरी येते, आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळीनं ती पिवळीधमक होते. एका खुणेवर न जाता बदल बघा. कालपर्यंत दिवसाला पाच-सहा वेळा जाणारे आज दोनदाच गेले का? बाजेवरून उठताना भोवळ येते का? बद्धकोष्ठ अचानक वाढलं का? लघवीला जळजळ, म्हणजे आपण उन्हाळी लागली म्हणतो ती, वारंवार होते का? दुपारी जास्त झोपतात का, नेहमीच्या माणसाचं नाव चुकतात का? घरचे शेवटच्या खुणेला "वय झालं" म्हणून सोडून देतात. दोन दिवसांत आलेली भूल वयानं येत नाही.

यातल्या सुरुवातीच्या खुणा दिसल्या आणि माणूस शुद्धीत असेल, गिळत असेल, तर सावलीत, घोटाघोटानं, दोन तासांत दोन-तीन ग्लास, आणि संध्याकाळपर्यंत लघवी होते का याकडे लक्ष. पण बरळायला लागले, आठ तासांत लघवी नाही, उलटीमुळे काहीच टिकत नाही, किंवा अंग भट्टीसारखं तापलं आणि ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर घरी प्रयोग नको. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आणा, कपडे सैल करा, मान-काख-जांघेवर ओली फडकी ठेवा, अंगावर पाणी शिंपडत पंख्यानं वारा घाला. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, ग्लुकोज, कांद्याचा रस काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. निघताना गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत टाका. दवाखान्यात पहिले दोन प्रश्न असतील: शेवटची लघवी किती वाजता झाली, आणि सकाळपासून पोटात काय गेलं. ही उत्तरं घरातल्या ज्या माणसाला माहीत आहेत, त्याला सोबत न्या.